दुसऱ्या इंटरप्रिटरचा संसार

प्रोग्रॅमिंगच्या स्पर्धांमध्ये उतरणाऱ्या विद्यार्थ्यांची पायपाय या पायथनच्या दुसऱ्या इंटरप्रिटरशी पहिली गाठ बहुधा भाषा निवडण्याच्या ड्रॉपडाउनमध्ये पडते. मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने २००९ साली सुरू केलेले कोडचेफ असो की कोडफोर्सेस, पायथनमध्ये लिहिलेले उत्तर पाठवावे, तर्क बिनचूक असावा आणि तरी 'टाइम लिमिट एक्सीडेड' असा शेरा यावा, हे नेहमीचेच. मग वसतिगृहातला एखादा सीनियर सांगतो, "कोड तसाच ठेव, फक्त यादीतून पायपाय निवड." आणि पुष्कळदा एक अक्षर न बदलता तेच उत्तर वेळेत बसते.

पुढे हीच मुले हिंजवडीत, बंगळुरूत किंवा सिएटलमध्ये नोकरीला लागतात. दिवसभर पायथन लिहितात. पण कंपनीच्या सर्व्हरवर पायपाय त्यांना क्वचितच भेटतो. तिथे चालतो तो नेहमीचा सीपायथन, आणि तो हळू आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. सर्व्हरच्या बिलावर बैठका होतात, अर्धा कोड गो किंवा रस्टमध्ये नव्याने लिहिण्याचे बेत आखले जातात; फुकट मिळणारा दुसरा इंटरप्रिटर मात्र फारसे कोणी लावून बघत नाही. याला निव्वळ आळस म्हणून भागणार नाही. ज्यांनी तो लावून पाहिला त्यांच्या अनुभवात, आणि पीएचपी, लुआ, रुबी या भाषांत झालेल्या तशाच प्रयोगांत, याची बरीच कारणे सापडतात.

पायथन ही भाषा म्हणजे नियम; ते नियम पाळून प्रोग्रॅम चालवणारा इंटरप्रिटर ही वेगळी वस्तू. गिडो व्हॅन रॉसम यांनी १९८९ च्या अखेरीस अ‍ॅम्स्टरडॅममध्ये जो इंटरप्रिटर लिहायला घेतला तो सी भाषेत होता, म्हणून तो सीपायथन. जावाच्या यंत्रणेवर चालणारा जायथन, डॉटनेटवरचा आयर्नपायथन हे नंतर आले. सीपायथन सावकाश का चालतो, हे एका साध्या बेरजेवरून कळते. दोन संख्या मिळवायच्या तर तो आधी दोन्हींचा प्रकार तपासतो, त्या प्रकाराला बेरीज कशी करतात ते शोधतो, उत्तरासाठी मेमरीत नवी वस्तू तयार करतो, आणि मग पुढच्या सूचनेकडे वळतो. लूप दहा लाख वेळा फिरला तर ही सगळी चौकशी दहा लाख वेळा होते, जरी दर वेळी समोर पूर्णांकच आले तरी.

हा फुकटचा खटाटोप वाचवण्याचे डोके आर्मिन रिगो यांचे. त्यांनी आधी सायको नावाचे एक एक्स्टेंशन लिहिले. ते सीपायथनच्या आत बसून चालत्या प्रोग्रॅमचे यंत्रभाषेत रूपांतर करी. पण ते फक्त ३२ बिटांच्या इंटेल घराण्यातल्या प्रोसेसरांवर चालायचे आणि दुसरीकडे नेणे महाकठीण होते. त्यातून २००३ च्या फेब्रुवारीत जर्मनीतल्या हिल्डेसहाइम गावी काही मंडळी जमली आणि पायपायची सुरुवात झाली. कल्पना ऐकायला उफराटी: पायथनचा इंटरप्रिटर पायथनमध्येच लिहायचा. नेमके सांगायचे तर पायथनच्या एका आखूड, शिस्तीत बांधलेल्या पोटभाषेत, जिला आरपायथन म्हणतात. मग एका अवजाराने त्याचे सीमध्ये रूपांतर करायचे. युरोपीय महासंघाने या संशोधनाला २००४ च्या अखेरपासून २००७ पर्यंत पैसे दिले. सीमध्ये नेण्याचे ते रूपांतर चालायला बराच वेळ लागतो, आणि तोवर कंटाळा येऊ नये म्हणून पडद्यावर अक्षरांची मँडलब्रॉट आकृती उमटत राहते. संशोधकांच्या हातून घडलेले सॉफ्टवेअर आहे हे असे कुठेतरी दिसतेच.

खरी ताकद आली ती जिटने, म्हणजे 'जस्ट-इन-टाइम' कंपायलरने. मार्च २०१० मध्ये आलेली १.२ ही तो सोबत घेऊन आलेली पहिली आवृत्ती. पायपाय प्रत्येक लूपच्या फेऱ्या मोजतो. एखादा लूप पुरेसा तापला, म्हणजे मूळ सेटिंगप्रमाणे १०३९ फेऱ्यांचा उंबरठा त्याने ओलांडला, की पुढच्या फेरीत नेमके काय काय घडते ते तो टिपून ठेवतो. 'इथे पूर्णांक आला', 'ही अट खरी ठरली', अशा नोंदी होतात आणि त्यावरून फक्त त्याच वाटेसाठी यंत्रभाषेतला कोड तयार होतो. वाटेत जागोजागी पहारे असतात. एखाद्या दिवशी पूर्णांकाच्या जागी अक्षरे आली तर पहारा अडवतो आणि काम पुन्हा संथ इंटरप्रिटरकडे जाते. पहारे शाबूत आहेत तोवर तात्पुरत्या वस्तू मेमरीत बनवायचीही गरज उरत नाही. संख्या थेट प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये फिरतात. यातली खुबी अशी की हा जिट पायथनसाठी हाताने लिहिलेला नाही. इंटरप्रिटरच्या लेखकाने काही खुणा करायच्या आणि त्यावरून जिट आपोआप तयार व्हायचा, अशी ती रचना आहे. कार्ल फ्रीडरिश बोल्त्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तिच्यावर लिहिलेला निबंध या क्षेत्रात पुष्कळ वाचला गेला.

पायपायच्या स्वतःच्या चाचणीसंचावर सरासरी वेग सीपायथन ३.११ च्या सुमारे तिप्पट येतो. सरासरीच्या आत मात्र फार मोठी दरी आहे. आकड्यांशी झुंजणारे, शुद्ध पायथनमधले लूप दहापट आणि त्याहूनही जास्त पळतात. काही चाचण्यांत मात्र हाती काहीच लागत नाही. स्पर्धेतला प्रोग्रॅम पहिल्या गटातला असतो. एक फाइल, बाहेरची लायब्ररी नाही, एक तापलेला लूप, आणि प्रोग्रॅम संपला की सगळे विसरून जायचे. पायपायला याहून चांगले हवामान मिळणार नाही.

प्रॉडक्शनमध्ये त्याने कामही केले आहे. क्वोरा हे प्रश्नोत्तरांचे संकेतस्थळ पायथनमध्ये लिहिलेले. मागच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी आपली वेब-सेवा पायपायवर नेली. ऑनलाइन जाहिरातींच्या लिलावात बोली लावणाऱ्या मॅग्नेटिक या अमेरिकी कंपनीनेही तो वापरला. या धंद्यात पान उघडताच लिलाव पुकारला जातो आणि शंभरेक मिलिसेकंदांत बोली परतली नाही तर संधी गेली. सर्किटची आखणी तपासण्यासाठी असलेल्या मायएचडीएल या पायथन-अवजाराच्या वापरकर्त्यांनाही पायपायमुळे सिम्युलेशन काही पटींनी लवकर मिळू लागले. या तिघांत एक साम्य दिसते. प्रक्रिया एकदा सुरू झाली की तासन्‌तास चालते, तेच काम पुन्हा पुन्हा करते, आणि डोके चालते ते पायथनमध्येच.

बहुतेक वेब-सेवा अशा नसतात. समजा, एका विनंतीला २०० मिलिसेकंद लागतात आणि त्यातले १४० डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जातात. उरलेले ६० पायथनचे. पायपायने ते २० वर आणले तरी वापरकर्त्याला १६० मिलिसेकंद थांबावे लागते. तिप्पट वेगाची जाहिरात वाचून आलेल्या व्यवस्थापकाला हा पाचवा हिस्सा म्हणजे फसवणूक वाटते. पण हाच हिशेब सर्व्हरच्या बाजूने मांडला तर चित्र पालटते. वाट पाहताना प्रोसेसर मोकळा असतो, दुसऱ्या विनंतीचे काम करू शकतो. प्रोसेसरचा खर्च ६० वरून २० वर आला म्हणजे त्याच रहदारीला तत्त्वतः एक तृतीयांश यंत्रे पुरतात. पायपाय लावावा की नाही यावरचे बरेच वाद विझतात ते एवढ्यावर: बोलणाऱ्यांपैकी एकाला वापरकर्त्याचा वेळ वाचवायचा असतो, दुसऱ्याला भाडे.

आता अडचणींकडे. यातली पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे सीमध्ये लिहिलेली एक्स्टेंशने.

पायथन लोकप्रिय झाला याचे एक मोठे कारण असे की जिथे तो कमी पडतो तिथे सी मदतीला येते. आकडेमोडीची नमपाय लायब्ररी, डेटाबेसशी बोलणारे ड्रायव्हर, एक्सएमएल वाचणारी एलएक्सएमएल लायब्ररी ही सगळी पायथनचा पोशाख घातलेली सी आहे. ही एक्स्टेंशने सीपायथनच्या पोटातल्या रचनेला धरून लिहिलेली असतात: वस्तू मेमरीत अमुक ठिकाणी आहे, ती हलणार नाही, तिच्याकडे किती जणांची बोटे आहेत याचा आकडा तिच्याच अंगावर लिहिलेला आहे. पायपायमध्ये यातले काहीच खरे नाही. तिथे वस्तू जागा बदलतात, आकडा नसतोच. मग सीपायएक्स्ट नावाचा एक थर हे सगळे खरे असल्याचे सोंग वठवतो. प्रत्येक वेळी सीमा ओलांडताना वस्तूची एक तोतया प्रत तयार करायची, आकडा सांभाळायचा, काम झाले की सगळे आवरायचे. सोंग उत्तम वठते. नमपायही त्यावर चालते. पण ते महाग पडते. लहान लहान कामांसाठी वारंवार सीमध्ये ये-जा करणारा प्रोग्रॅम पायपायवर नेला तर तो सीपायथनपेक्षाही हळू झालेला दिसतो, आणि प्रयोग करणारा पहिल्याच दिवशी नाद सोडतो.

यावर उपाय निघाले नाहीत असे नाही. रिगो आणि मॅचेय फियाव्‌कोव्स्की यांनी २०१२ मध्ये सीएफएफआय आणले. सीची लायब्ररी पायथनमधून थेट हाक मारून वापरायची, इंटरप्रिटरच्या पोटात हात न घालता. पोस्टग्रेसच्या सायकोपीजी-२ या ड्रायव्हरची सीएफएफआयवर बेतलेली आवृत्ती आहे. मायएसक्यूएलसाठी शुद्ध पायथनमधला पायमायएसक्यूएल आहे, आणि शुद्ध असल्यामुळे जिट त्यालाही पळवतो. नमपाय मात्र पायपायच्या आतच नव्याने लिहिण्याचा प्रयत्न झाला, त्यासाठी देणग्याही गोळा झाल्या, आणि शेवटी तो सोडून द्यावा लागला. नमपायचा पसारा धावत्या गाडीसारखा पुढे जात होता आणि तिच्या मागे पळणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. २०१९ मध्ये बाझेलच्या युरोपायथन परिषदेत एचपाय या प्रकल्पाची बीजे पडली. कोणत्याही इंटरप्रिटरच्या पोटातली रचना उघडी न करता एक्स्टेंशने लिहिता यावीत असा नवा करार, अशी ती कल्पना. कल्पना उत्तम आहे. पण हजारो लायब्ररींच्या लेखकांनी आपला चालता कोड बदलावा यासाठी त्यांना स्वतःचा काही लाभ दिसायला हवा, आणि त्यांचे जवळजवळ सगळे वापरकर्ते सीपायथनवर बसलेले आहेत.

दरम्यान पायथनच बदलला. २०१० मध्ये सर्व्हरवरचा पायथन कोड बराचसा पायथनच होता. आज वेळखाऊ भाग खाली, दुसऱ्या भाषेत ढकलला जातो. २०२३ मध्ये माहिती पडताळणाऱ्या पायडँटिक लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीचा गाभा रस्टमध्ये गेला. पोलार्स ही तक्त्यांची लायब्ररी रस्टमध्येच जन्मली. पायटॉर्चसारखी यंत्र-शिक्षणाची अवजारे पायपायसाठी अधिकृत बांधणी देतच नाहीत. म्हणजे जिटने ज्याला वेग द्यावा असा पायथन वर थोडा उरतो, आणि जिथे पायपाय अडखळतो ती सीमा जास्त वेळा ओलांडली जाते. पायपायच्या मागे राहण्याचे तांत्रिक कारण एकच निवडायचे झाले तर हे निवडावे लागेल. तो बिघडला नाही, त्याच्या पायाखालची जमीन सरकली.

दुसरी अडचण मेमरीची आणि तिच्या सवयींची. सीपायथनमध्ये वस्तूकडे बोट दाखवणारे कोणी उरले नाही की ती त्याच क्षणी जाते. त्यामुळे फाइल उघडली, वाचली आणि बंद न करता सोडून दिली तरी ती आपसूक बंद होते. वर्षानुवर्षे लोकांनी असा कोड लिहिला आणि तो चालला. पायपायचा गार्बेज कलेक्टर आपल्या सवडीने येतो. तोपर्यंत फाइल उघडीच राहते, नेटवर्कचे सॉकेटही उघडे राहते, आणि गर्दीच्या वेळी ऑपरेटिंग सिस्टिम हात वर करते: फार फायली उघड्या आहेत. भाषेच्या नियमांत फाइल ताबडतोब बंद होईल असे वचन कधीच नव्हते, त्यामुळे चूक त्या कोडची. पण रात्री दोन वाजता पेजर वाजतो तेव्हा नियम कोण वाचतो? लूपमध्ये अक्षरमालेला शेपूट जोडत जाण्याची गोष्ट अशीच. सीपायथनने त्यासाठी गुपचूप एक सवलत ठेवली आहे. पायपायमध्ये ती नाही, म्हणून मजकूर चौपट झाला की वेळ सोळापट होतो.

मेमरीच्या आकड्यांचे नीट बोलायचे तर दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. लाखो छोट्या वस्तू असतील तर पायपाय त्या सीपायथनपेक्षा दाटीने बसवतो. पण जिटने तयार केलेला कोड आणि त्याची टिपणे प्रत्येक प्रक्रियेत वेगळी साठतात. पायथनची वेब-सेवा एका यंत्रावर आठ, सोळा अशा वर्कर-प्रक्रियांनी चालवण्याची रीत आहे, कारण ग्लोबल इंटरप्रिटर लॉकमुळे एका प्रक्रियेत एका वेळी एकच थ्रेड पायथन चालवू शकतो. हा लॉक पायपायमध्येही आहे. सोळा वर्कर म्हणजे तोच लूप सोळा वेळा तापणार, सोळा वेळा कंपाइल होणार.

आणि तापणे हीच तिसरी अडचण. सुरू झाल्यावर पहिले काही सेकंद, कधी काही मिनिटे, पायपाय सीपायथनहून मंद असतो. महिन्यातून एकदा नवी आवृत्ती चढवणाऱ्या संघाला हे जाणवणारही नाही. दिवसातून दहा वेळा डिप्लॉय करणाऱ्या, रहदारी वाढली की नवे कंटेनर उभे करणाऱ्या संघाला मात्र थंड वर्करांची झळ रोज लागते. नेमकी गर्दी वाढते तेव्हाच मदतीला आलेले नवे वर्कर सगळ्यात हळू असतात. काही सेकंदांपुरते जन्मणारे सर्व्हरलेस फंक्शन तर तापण्याआधीच संपते. खोट्या विनंत्या पाठवून वर्कर आधी तापवणे आणि मगच त्याला खऱ्या रहदारीत सोडणे हा रुळलेला तोडगा आहे. तोही वाटतो तितका पक्का नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधले लॉरेन्स ट्रॅट आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत बोल्त्सही होते, २०१७ मध्ये वेगवेगळ्या भाषांच्या जिट-यंत्रणा अतिशय काटेकोर परिस्थितीत तपासल्या. यंत्रणा आणि चाचणी यांच्या जोड्यांपैकी फार तर ४३.५ टक्के जोड्या दर वेळी सर्वोच्च स्थिर वेगाला पोचल्या. बाकीच्यांत काही रेंगाळल्या, काही वरखाली होत राहिल्या, तर काही तापल्यावर चक्क मंदावल्या. छोट्या, ठरलेल्या प्रोग्रॅमांची ही गत, तर खऱ्या सेवेचे काय, असा प्रश्न तो निबंध वाचणाऱ्याला पडल्याशिवाय राहत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या पण निर्णय फिरवणाऱ्या आणखी काही गोष्टी. चालत्या प्रक्रियेत डोकावणारा पाय-स्पाय सीपायथनपुरताच आहे; पायपायवाल्यांना व्हीएमप्रॉफकडे वळावे लागते. आवृत्त्यांचे अंतर हे त्याहून जड. सीपायथन ३.१० ऑक्टोबर २०२१ मध्ये आला, पायपायची ३.१० जून २०२३ मध्ये. ३.११ बाबतही ऑक्टोबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ असे अंतर पडले, तेही पायपायच्या बाजूला आधी बीटाच. लायब्ररी जुन्या आवृत्त्यांचा आधार भराभर सोडत असताना हे अंतर म्हणजे नव्या सुरक्षा-दुरुस्त्यांपासूनचे अंतर ठरू शकते.

पायथनच्या बाहेर पाहिले तर या कहाणीचा सगळ्यात बोलका अध्याय पीएचपीचा आहे. फेसबुकने २०१० मध्ये हिपहॉप जाहीर केले. ते पीएचपीचे सी-प्लस-प्लसमध्ये रूपांतर करून एकच अवाढव्य प्रोग्रॅम बांधी. एक जीबीहून मोठी ती फाइल फेसबुकच्या सर्व्हरांवर बिटटोरेंटने वाटली जायची. पुढे त्याची जागा जिट असलेल्या एचएचव्हीएमने घेतली. हा फक्त फेसबुकचा खेळ राहिला नाही. २०१४ च्या अखेरीस विकिमीडिया फाउंडेशनने विकिपीडियाचे सर्व्हर त्यावर नेले. मराठी विकिपीडियाही त्याच सर्व्हरांवर चालतो, त्यामुळे पुण्यात किंवा नाशकात बसून लेख जतन करणाऱ्यालाही हा फरक न सांगता पोचला. पान जतन व्हायला लागणारा सरासरी वेळ सुमारे सहा सेकंदांवरून तीनवर आला. सर्व्हरांच्या प्रोसेसरवरचा भार सुमारे ५० टक्क्यांवरून १० वर उतरला, आणि नव्या यंत्रांची ठरलेली खरेदी कमी करता आली.

हे फुकट मिळाले नव्हते. विकिपीडियाच्या साच्यांमधला लुआ कोड चालवणारे एक्स्टेंशन मूळ पीएचपीसाठी लिहिलेले होते. ते एचएचव्हीएमवर चालावे म्हणून विकिमीडियाच्या टिम स्टार्लिंग यांनी जुळवणीच्या थराचे बरेच काम नव्याने केले, आणि फेसबुकने आपला एक अभियंताही मदतीला दिला. म्हणजे इथेही वेगाच्या वाटेत आडवी आली ती एक्स्टेंशनेच. पण तेवढी किंमत मोजायला माणसे होती, आणि मागे एक बलाढ्य कंपनी होती, जिला तो इंटरप्रिटर स्वतःसाठी हवाच होता.

मग डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी ७ आला. एचएचव्हीएमने दाखवलेल्या वेगाची टोचणी मूळ संघाला लागली होती, आणि नवी आवृत्ती बऱ्याच कामांत जुनीच्या दुप्पट वेगाने धावू लागली. २०१७ मध्ये एचएचव्हीएमने जाहीर केले की यापुढे फेसबुकची स्वतःची हॅक भाषा एवढेच ध्येय. पीएचपीशी जुळवून घेणे थांबणार. विकिपीडिया २०१९ मध्ये पुन्हा मुख्य पीएचपीवर आला. दोन मोठी स्थलांतरे पाच वर्षांत. पहिल्या स्थलांतराने वाचवलेला पैसा खरा होता, त्यामुळे निर्णय चुकला असे म्हणता येत नाही. पण परतीच्या भाड्याची तरतूद पहिल्याच दिवशी करायला हवी होती, हे त्यातून दिसते.

लुआजिटची गोष्ट थोडक्यात अशी. माइक पॉल या एकट्या माणसाने लिहिलेला हा इंटरप्रिटर इतका वेगवान की क्लाउडफ्लेअरने आपली बरीच रहदारी त्यावर सोपवली. तो मुळात लुआ ५.१ चा. भाषा पुढे ५.२, ५.३, ५.४ झाली, लुआजिट तिथेच राहिला, आणि त्याच्या भोवती जमलेला समाजही त्याच्यासोबत ५.१ वर थांबला. वेगवान इंटरप्रिटर भाषेची फाळणीही करू शकतो.

रुबीने वेगळी वाट धरली. जेरुबी, रुबिनियस, ट्रफलरुबी असे पर्याय होते आणि त्यांचे निष्ठावंत वापरकर्तेही. पण शॉपिफायच्या संघाने वायजिट नावाचा जिट नेहमीच्याच रुबीच्या आत बसवला. डिसेंबर २०२१ च्या ३.१ आवृत्तीत तो आला, पुढच्या वर्षी रस्टमध्ये नव्याने लिहिला गेला, आणि रेल्स ७.२ पासून तर नव्या रुबीवर तो आपोआप चालू असतो. पायपायइतकी उंच उडी तो मारत नाही. पण एकही लायब्ररी बदलावी लागत नाही, वापरकर्त्याला तो आहे हे समजतही नाही.

पायथनमध्येही पारडे त्याच बाजूला झुकले आहे, वाटेत बरेच जण धारातीर्थी पडल्यावर. गूगलचा अनलेडन स्वॅलो २००९ मध्ये पाचपट वेगाची घोषणा करत आला आणि विरून गेला. ड्रॉपबॉक्सने २०१४ मध्ये पिस्टन जाहीर केला आणि २०१७ मध्ये हात काढून घेतला. त्याच्या मुख्य लेखकाने २०२० मध्ये तो सीपायथनचीच शाखा म्हणून पुन्हा उभा केला. इन्स्टाग्रामने आपल्या गरजेपुरती सिंडर ही सीपायथनची शाखा बांधली. मग मार्क शॅनन यांच्या आराखड्यावर मायक्रोसॉफ्टने माणसे लावली, गिडो स्वतः तिथे रुजू झालेच होते, आणि ऑक्टोबर २०२२ मधला ३.११ हा ३.१० पेक्षा सरासरी सव्वापट वेगाने धावू लागला. ३.१३ मध्ये प्रायोगिक जिट आला, शिवाय ग्लोबल इंटरप्रिटर लॉक काढून टाकलेली एक वेगळी बांधणीही. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने या संघातल्या अनेकांना कामावरून कमी केले, शॅनन यांनाही. इंटरप्रिटर मुख्य असो की पर्यायी, त्याचा वेग काही मोजक्या माणसांच्या पगारावर टांगलेला असतो.

पायपायने मुख्य प्रवाहाला काय दिले हे मोजताना एक उदाहरण हमखास विसरले जाते. पायथनच्या डिक्शनरी ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने आज बाहेर येतात, हे नव्या मुलांना निसर्गनियमासारखे वाटते. रेमंड हेटिंगर यांनी सुचवलेली ती दाट रचना पायपायने २०१५ मध्ये आधी करून दाखवली. सीपायथनमध्ये ती ३.६ बरोबर, २०१६ च्या डिसेंबरात आली.

आज एखाद्या संघाला हा प्रयोग करायचा असेल तर आधी सीपायथनची ताजी आवृत्ती चढवावी, ३.८ वर अडकलेल्या सेवेला पायपायची स्वप्ने पडण्यात अर्थ नाही. मग प्रोफाइलर लावून वेळ खरोखर पायथनमध्ये जातो आहे का ते बघावे. तो एकाच लहान फंक्शनमध्ये जात असेल तर तेवढेच फंक्शन कंपाइल करणारे सायथन किंवा नंबा स्वस्त पडते. तो सगळ्या कोडवर पातळ पसरलेला असेल, नियमांची इंजिने, पार्सर, सिम्युलेशन, मजकुराची चाळणी अशी कामे असतील, तर पायपायसारखा दुसरा उपाय नाही, आणि इथे संकोच करणे म्हणजे पैसे वाया घालवणे. वेब-सेवेपासून सुरुवात मात्र करू नये. क्यूमधून काम उचलणारा एखादा वर्कर निवडावा, जो आठवडाभर चालत राहतो, ज्याला पहिल्या मिनिटाच्या मंदपणाने कोणाचा फोन येत नाही, आणि जो डेटाबेसशी शुद्ध पायथनच्या ड्रायव्हरने बोलू शकतो. त्याच्या डॉकर-फाइलमध्ये पायपायची अधिकृत इमेज, शेजारच्या सगळ्या सेवांत सीपायथन. प्रक्रियेची मेमरी आणि उघड्या फायलींचा आकडा यांवर पहिले काही दिवस डोळा ठेवावा लागतो. परत फिरायचे ठरलेच तर त्या फाइलमधली एक ओळ बदलते.